भातुकलीत आईची जागा

हद्दू दारातूनच ओरडला, "लल्ला ईज्जा, तूदाचं दप्तर द्या. उद्यापासून ती यायची नाही."

"आधी सलाम तरी कर!" मी म्हटलं. "उंबऱ्यात उभं राहून हुकूम कसले सोडतोस?"

मोरोक्कोतल्या आझरू गावच्या या गल्लीत मी घरीच बालवाडी चालवते, म्हणून सगळे मला लल्ला, म्हणजे बाई, म्हणतात. बावीस वर्षं झाली. या हद्दूचं शेंबडं नाकसुद्धा मीच पुसलंय, मला काय तो दम देणार! बायको स्ट्रॉबेरी तोडायला हंगामापुरती स्पेनला गेलीय, तेव्हापासून पोरीचं हा एकटा बघतो. सुतारकाम करून दमतो आणि चिडचिड करतो. मला त्याची कीवही येते आणि रागही येतो.

"अक्षरं शिकेल म्हणून पाठवतो," तो म्हणाला. "रोज विचारावं, काय शिकलीस? तर म्हणे, कुसकुस केला! वाळूचा! भातुकली घरी नाही का खेळता येत?"

"घरी कोणाशी खेळेल? तुझ्या रंध्याशी?"

तेवढ्यात अंगणातून तूदा धावत आली. कोपरापर्यंत चिखल. "बाबा, आत्ताच वाफ आलीय. न जेवता जायचं नाही हं!"

आता दारी आलेल्या माणसाला यजमानीणबाईंनीच अडवलं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? भले ती पाच वर्षांची असो. हद्दू मुकाट्यानं आत आला.

परातीत ओल्या वाळूचा डोंगर, म्हणजे वाफवलेल्या रव्याचा कुसकुस, वर भोपळ्याच्या साली, गाजराचे देठ आणि मधोमध खडे, म्हणजे मटण. भोवती पोरं बसलेली. मोकळी जागा बघून हद्दू तिथं टेकला.

"तिथं नाही!" पोरं एकदम किंचाळली. छोट्या मोहानं तर त्याची बाहीच ओढली. "ती तूदाच्या आईची बाजू आहे!"

परातीत ज्यानं त्यानं आपल्याच बाजूनं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही, हे काय हद्दूला ठाऊक नाही? बिचारा कानकोंडा होऊन सरकला. तूदानं मटण वाटलं. मोहाला एक, रक्कियाला एक, बाबाला एक. शेवटचा खडा तिनं मोकळ्या बाजूला ठेवला.

"आई तर स्पेनला आहे गं," हद्दू हळूच म्हणाला.

"माहितीये मला. पण सगळे पसरून बसले तर आल्यावर ती कुठं बसेल? घरी तू उभ्यानंच पाव नि मसूर खातोस. तिथं कुणाचीच जागा नसते."

हद्दूनं मूठभर वाळू घेतली, तिचा गोळा वळला आणि खाल्ल्यासारखं केलं.

"मीठ बरोबर आहे?" तूदानं विचारलं.

"अगदी बरोबर." त्याचा आवाज चिरकला. "कितीदा वाफवलास?"

"तीनदा. दर वेळी खाली काढून हातानं मोकळा करायचा. चटका बसतो. आई आधी फुंकते, मग चोळते."

"मला शिकवशील? शुक्रवारी आपण खरा करू."

तूदानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "एकदम खरा नाही जमायचा तुला. आधी इथं वाळूचा कर."

हद्दूनं बाहीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "लल्ला, उद्या किती वाजता येऊ आम्ही?"