सामूहिक इफ्तार, कॅमेरा चालू

लतिका साठेला त्या इफ्तारातून एकच गोष्ट कमवायची होती: घरून काम चालू राहणं. नवरा अरुण लांब अबुधाबीच्या टोकाला, रुवैसला कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. दुपारी आठ वर्षांची अस्मी शाळेतून आली की दार उघडायला आई घरात हवी. एवढ्यासाठी तर दुबईच्या ऊद मेथा भागातलं महागडं भाडं ती भरत होती. शाळा चालत जायच्या अंतरावर होती. ऑफिस परत भरलं असतं तर ते भरणार होतं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, गोदामाच्या वर, आणि अंधार पडायच्या आत तिथून घरी पोचल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

कंपनी बंदरातून माल सोडवून द्यायची. मालक श्रीवर्धनचे, त्यामुळे निम्मी माणसं कोकणातली. आपापल्या घरी बसून माणसं एकमेकांची राहत नाहीत, असं मालकांच्या मनाने घेतलं होतं. शेवटी एचआरच्या अफनानने मध्ये पडून मुदत मिळवली. दर गुरुवारी ऑनलाइन ‘वेलनेस’ करायचा. रमजान संपेपर्यंत टीम जुळलेली दिसली तर घरून काम चालू, नाहीतर ईदनंतर सगळे शारजाला. आणि हे जुळवण्याचं काम, ज्याची गरज जास्त त्याच्या गळ्यात या न्यायाने, लतिकाकडे आलं.

पहिल्या गुरुवारी तिने दीर्घ श्वास घ्यायला लावले. अर्ध्यांचं नेटवर्क गेलं. जहूर परकारचं सगळ्यात आधी.

हा जहूर म्हणजे इंटरनॅशनल सिटीतल्या शेअरिंगच्या खोलीत राहणारा, कामाला चोख आणि जिभेला तिखट. मागच्या वर्षी लतिकाच्या एका कागदात चूक झाली, तेव्हा त्याने सगळ्या टीमला, वर मालकांनाही, मेल टाकली होती: लतिका मॅडमना इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट यातला फरक कुणी शिकवेल का. ती मेल तिने डिलीट केली नव्हती. काही माणसं दागिने जपतात, ही अपमान जपायची.

मग तिला इफ्तार सुचला. सगळ्यांनी आपापल्या घरी खजूर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसायचं, अजान झाली की एकत्र रोजा सोडायचा. याला नाही कोण म्हणणार? त्या संध्याकाळी बाराच्या बारा चौकोन उजळले. अफनान खूश होता. लतिकाचा रोजा नव्हता, तरी तिनेही पाण्याचा ग्लास बाजूला सारून ठेवला होता.

अजानला दहा मिनिटं होती. यूनुस चाचा, टीममधले सगळ्यात जुने, दापोलीकडचे, कसली तरी आठवण सांगत होते. तेवढ्यात जहूरने बशीत चहा ओतला आणि फुर्र करून प्यायला.

चाचा आठवण सोडून बशीकडे बघायला लागले: म्हणजे याचा रोजा नाही.

लतिकाला मात्र बशीशेजारची भजी आणि खजुराच्या बिया दिसल्या, आणि सगळं कळलं. दुबईतच वाढलेली ती, शेजारपाजार कोकणी मुसलमानांचा. हा माणूस रोजा मोडणारा नव्हता. हा रोजा सोडून बसलेला माणूस होता. सूर्य दुबईच्या आधी बुडतो तिथे. म्हणजे गावाला, कोकणात. त्याची रजा नामंजूर झाल्याचं तिला ठाऊक होतं. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणे. आणि कंपनीचा नियम साफ होता: घरून काम म्हणजे अमिरातीतल्याच घरून. हे उघडं पडलं तर जहूर तर बुडेलच, पण घरून काम या गोष्टीवरच मालकांचा विश्वास उडेल, हेही तिला समजत होतं. गप्प बसायला एक दिर्हम खर्च येणार नव्हता.

“जहूरभाई, चहा गरम आहे ना?” ती म्हणाली.

बशी हवेतच राहिली. “आज रोजा नाही माझा. बरं नाहीये.”

“अरे रे. आणि बाजूला भजी का?”

“रोजा नाही तर नाही,” यूनुस चाचा म्हणाले, “पण बारा माणसांसमोर फुरके मारतोस? कॅमेरा तरी बंद करायचास. बाप बघत असता तर काय म्हणाला असता?”

“चाचा, तब्येतीचं कारण...”

“तब्येत. ताप आलेला असताना तुझ्या बापाने रोजे धरलेत. तू एसीत बसून...”

“जाऊ दे ना चाचा,” लतिका गोड आवाजात म्हणाली, “वेलनेसमध्ये कुणाला नावं ठेवायची नसतात. ज्याला झेपत नाही त्याला झेपत नाही.”

जहूरचा चेहरा तांबडा झाला. “कुणाला झेपत नाही? शाळेत असल्यापासून माझा एक रोजा चुकलेला नाही. मॅडम, तुम्ही मला सांगणार? आजचाही पुरा झालाय. आमच्याकडे अजान होऊन तास झाला.”



“आमच्याकडे म्हणजे कुठे, जहूरभाई?” अफनानने विचारलं.

तेवढ्यात मगरिबची अजान सुरू झाली. ऊद मेथातल्या खिडकीतून आली, देऱ्यातून आली, शारजातून आली. अकरा चौकोनांत तीच अजान, थोडी पुढेमागे. बाराव्यात रातकिडे ओरडत होते आणि एक म्हातारा आवाज विचारत होता, “जहूर, आणखी चहा देऊ?”

रात्री त्याचा फोन आला. “काय मिळालं तुम्हाला, लतिकाताई?”

“फरक शिकवला तुम्हाला,” ती म्हणाली. “इथला आणि तिथला.”

“छान. आता बाराही जण शारजाला भेटू, इन्शाल्ला.”

तसंच झालं. मालक एवढंच म्हणाले, “खलास. उद्या कोणी लंडनमध्ये बसून मला खजूर दाखवेल. ईदनंतर सगळे गोदामावर.”

जहूरचे गावचे दिवस बिनपगारी धरले गेले. पण नोकरी राहिली, आणि यूनुस चाचा आता त्याला ‘पक्का रोजेदार’ म्हणून ओळख करून देतात. अफनानच्या अहवालात उपस्थिती शंभर टक्के आली. लतिकाला एक वाक्य बोलायला मिळालं, आणि ते तिला अजूनही आवडतं. अस्मी शाळा सुटली की खालच्या मजल्यावरच्या नबिलाकडे जाते. त्याचे महिन्याला आठशे दिर्हम, म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये, लतिका देते. उरलेलं सगळं अस्मी देते: परक्या सोफ्याच्या कडेला युनिफॉर्ममध्येच बसून, दाराकडे बघत, आणि “भूक लागली का गं?” असं नबिलाने विचारलं की “नो, थँक यू, आंटी” म्हणत.