जहाज शनिवारचं, विमानही शनिवारचं

गिरगावात ठाकूरद्वारजवळ हितेशचं तिकिटांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर. मुंबई-गोवा क्रूझचे कागद हातात देताना त्याने मला तीनदा बजावलं, की बाहेरगावाहून येणारा माणूस आदल्या दिवशीच मुंबईत हवा. विमान चुकलं तर पुढचं विमान मिळतं, जहाज सुटल्यावर पुढचं जहाज कुठून आणणार? दुपारी साडेतीनला चेक-इन बंद, पाचला जहाज धक्का सोडणार, मग तुम्ही मंत्री असा नाहीतर संत्री. मला हे पटवायची गरजच नव्हती. मी कोकणात जायच्या गाडीसाठी दीड तास आधी दादरला जाऊन बसणारी बाई आहे.

पण आमच्या घरात हितेशचं चालत नाही आणि माझंही चालत नाही. चालतं ते आमच्या आईचं, रखमाबाईंचं. वय पंचाहत्तर, मुक्काम लालबाग, चाळीचा तिसरा मजला. एकोणिसाव्या वर्षी ती देवगडाहून आगबोटीत बसून नवरी म्हणून मुंबईला आली. सगळी वाट ओकत आली म्हणे. तरी तिला त्या बोटीचं काय वेड लागलं होतं कोण जाणे. पुढे बोटी बंद झाल्या, एसटी आली, रेल्वे आली, आणि ही प्रत्येक वेळी गाडीत बसताना म्हणायची, बोटीची मजा नाही. म्हणून पंचाहत्तरीला साडी नको, जेवणावळ नको, फक्त बोटीने जाऊया म्हणाली. तिघांनी. ती, मी आणि माझा धाकटा भाऊ विनीत.

खरी गाठ या 'तिघांनी'मध्ये होती. विनीत दिल्लीजवळ गुरगावला नोकरीला. चार वर्षांपूर्वी गणपतीत आला आणि म्हणाला, ही तिसऱ्या मजल्याची चढउतार आता पुरे, मी आईला माझ्याकडे नेतो. मी म्हटलं, आई म्हणजे काय कुरियर आहे, उचललं आणि पाठवलं? तो म्हणाला, तू तिला अडकवून ठेवलीयस. मग मी जे बोलले ते कागदावर येण्यासारखं नाही. आरती व्हायच्या आधी तो बॅग घेऊन जिना उतरला. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, बोलायचो ते आईमार्फत. "त्याला सांग, तुझी बीपीची गोळी बदललीय." "तिला सांग, दिवाळीला कंदील मी पाठवतोय." आई बिचारी पोस्ट ऑफिस झाली होती, रविवारची सुट्टीही नसलेलं.

तर जहाज शनिवारी सुटणार म्हणून विनीतने शुक्रवार संध्याकाळचं विमान बघितलं होतं. आईने कालनिर्णय काढलं, चष्मा लावला आणि शुक्रवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. अमावास्या. पोर अमावास्येला प्रवासाला निघणार नाही. मी डोकं आपटलं, हितेशचे शब्द जसेच्या तसे ऐकवले, डिसेंबरात दिल्लीला धुकं असतं हेही सांगितलं. आई म्हणाली, शनिवारी सकाळी सातचं विमान, सव्वानऊला मुंबईत, तोपर्यंत तुझी अंघोळही होत नाही. विनीतला मी फोन करून समजावलं असतं, पण मी कशी करणार? आमचं बोलणं नव्हतं. त्याने मुकाट्याने शनिवारचं तिकीट काढलं.

गंमत म्हणजे त्याच शुक्रवारी आई एकटी दादरला जाऊन नवीन चप्पल घेऊन आली, बोटीवर घसरू नये म्हणून. मी विचारलं, आज अमावास्येला नवी वस्तू कशी चालते? तर म्हणाली, चपलेला कसली अमावास्या. मी तेव्हा सोडून दिलं.

शनिवारी सकाळी साडेसहाला विनीतचा आईला फोन आला. समोर धुकं, विमान दिसत नाही, म्हणाला. आठ वाजले, धुकं. नऊ वाजले, विमानात बसलोय पण हलत नाही. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. दहा वाजता आईने नवी चप्पल घातली आणि निघूया म्हणाली. मी म्हटलं, तो आला नाही तर? आई म्हणाली, "तो येतलो." बस्स, एवढंच. जणू दिल्लीचं धुकं हिच्या पदराने पुसलं जाणार होतं. बारा वाजता शेवटी निरोप आला की विमान सुटतंय, तेव्हा कुठे मी दाराला कुलूप लावलं.

आम्ही टॅक्सीने परळ, भायखळा मागे टाकत बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. आणि खरं सांगते, ते जहाज बघितल्यावर माझा सगळा राग क्षणभर विरघळला. आमच्या अख्ख्या चाळीएवढं लांब, आणि मजले मोजता मोजता मान दुखली. आईने दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला. "मगे आमची बोट ह्याच्या होडयेएवढी होती," म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. मला तेव्हा आतून गलबलून आलं. हिला हे मिळायलाच हवं, आणि आम्हा दोघांसकट मिळायला हवं, असं मी मनात अगदी ठासून म्हटलं.

चेक-इनची रांग सरकत होती, आम्ही मात्र बाकावर बसून राहिलो. मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात आहे. वेळा बघणं हा माझा धंदा आणि वेळा बघून रक्त आटवणं हा छंद. दोन वाजले. दोन वाजून सात मिनिटांनी आईचा फोन वाजला. विमान टेकलं होतं. विनीत आईला विचारत होता, बाहेर पडून टॅक्सी करू का? शनिवारी दुपारी विमानतळावरून बंदरापर्यंत टॅक्सी म्हणजे ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास. मी बाजूला बसून ओरडले, त्याला सांग टॅक्सी नको, भुयारी मेट्रो पकड म्हणावं. आईने सांगितलं, भुयारात जा म्हणते. तिकडून विनीत म्हणाला, कुठल्या भुयारात? आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फोन माझ्या हातात कोंबला.

"माका नाय समजणा. तूच सांग."

चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा श्वास माझ्या कानात ऐकू येत होता. मग मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

"विनीत, ऐक, मध्ये बोलू नकोस. बाहेर आलास की मेट्रोची पाटी बघ. कफ परेडकडे जाणारी गाडी. सीएसएमटीला उतर. मी टॅक्सी घेऊन वर उभी असते."

"ताई, बॅटरी दोन टक्के आहे. कुठल्या गेटला—"

फोन तुटला. परत लावला तर बंद. पण तो ताई म्हणाला होता.

पावणेतीनला मी आईला म्हटलं, मी त्याला घेऊन येते, तू आत जा, आम्ही नाही आलो तरी तू जा. आई म्हणाली, तू जा बघू आधी, वटवट नको करू. बाहेर एक काळीपिवळी मिळाली. टॅक्सीवाल्याला सगळी कहाणी सांगितली, तसा तो माझ्याहून जास्त पेटला. सीएसएमटीला तीनला पोचलो. टॅक्सी कडेला लावून मी मेट्रोच्या एका दारापाशी उभी राहिले. पाच मिनिटांनी लक्षात आलं की दारं बरीच आहेत. दुसरीकडे धावले. मग वाटलं तो पहिल्याच दारातून आला तर? परत धावले. तीन पंधरा. प्रत्येक सरकत्या जिन्यावरून माणसं वर येत होती आणि त्यातला एकही विनीत नव्हता. पन्नाशीला आलेली बाई पदर खोचून रस्त्यावरून इकडून तिकडे पळतेय, लोक बघत होते, बघू देत. तीन वीस. मला रडूच फुटायच्या बेतात होतं, आणि रडायचं की आईला शिव्या घालायच्या ते ठरत नव्हतं.

तेव्हा मला बाबा आठवले. मे महिन्यात आधी रेल्वेने, मग एसटीने गावाला जाताना याच स्टेशनावर बाबा आम्हा दोघांचे हात धरून एकच गोष्ट दरवर्षी सांगायचे. हरवलात तर शोधत फिरायचं नाही, बाहेर मोठ्या घड्याळाखाली येऊन उभं राहायचं, मी तिथेच येईन. एकदा आम्ही खरंच हरवलो होतो, आणि विनीतने माझा फ्रॉक घट्ट धरून मला तिथे नेलं होतं.

मी मागे वळून स्टेशनच्या इमारतीकडे धावले. घड्याळात तीन चोवीस झाले होते आणि त्याच्या खाली, पाठीवर सॅक टाकून, मान उंचावून माणसांत कुणालातरी शोधत विनीत उभा होता. केस पुढून बरेच गेलेले. मी लांबूनच हाक मारली. तो धावत आला, आणि मी त्याला काय म्हणाले असेन? "केवढा जाडा झालायस, धावशील का?" म्हणाले. तो म्हणाला, "तू चल आधी."

टॅक्सीवाल्याने गाडी चालूच ठेवली होती. फोर्टातले सिग्नल त्या दिवशी आमच्या बाजूने होते, एक सोडून. त्या एकावर विनीत स्वतःच्या गुडघ्यावर बुक्क्या मारत होता आणि मी त्याचा हात धरून ठेवला होता. दोघांपैकी कुणाच्याच ते तेव्हा लक्षात आलं नाही. आम्ही उतरलो तेव्हा तीन बत्तीस झाले होते.

दारावरचा माणूस म्हणाला, बंद झालं, पण थांबा, आत एक आजी आहेत, त्यांचं अजून चाललंय. आम्ही धावत काउंटरवर गेलो. तिथे आईने आपली पिशवी पूर्ण उपसून ठेवली होती. खोबरेल तेल, सांदणं बांधलेला डबा, कमरेचा पट्टा, तीन हातरुमाल, देवाचा अंगारा. काउंटरवरची मुलगी हात जोडायच्या बेतात होती. आईचं आधार कार्ड सापडत नव्हतं. वीस मिनिटं ती एकेक वस्तू काढून दाखवत होती आणि प्रत्येकीची माहिती देत होती. रांगेतली सगळी माणसं आत गेली होती, आता काउंटरवर फक्त आई उरली होती.

आम्हाला बघताच आईने शांतपणे कमरेची चंची सोडली, त्यातून आधार कार्ड काढलं आणि मुलीपुढे ठेवलं. "गावला," म्हणाली. मग आमच्याकडे बोट दाखवून पुढे म्हणाली, "आणि ही माझी दोन."

मुलीने एकदा तिच्याकडे, एकदा आमच्याकडे बघितलं आणि तिघांचे पास छापले.

पाच वाजता जहाजाने भोंगा दिला. आम्ही वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होतो. धक्का हळूहळू मागे सरकायला लागला, आणि आईने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. विनीत तिच्या दुसऱ्या बाजूला होता. जीव भांड्यात पडल्यावर मात्र माझा राग परत आपल्या जागी आला. मी म्हटलं, आई, तुझ्या त्या अमावास्येपायी आज तिघांचंही जहाज गेलं असतं. स्वतः अमावास्येला चप्पल आणतेस आणि पोराला विमानात बसू देत नाहीस. हितेश बरोबर बोलत होता. विनीतही म्हणाला, खरंच आई, मी काल आलो असतो तर एवढी धावपळ झाली नसती.

आईने आधी पाण्याकडे बघून घेतलं. जहाज आणि धक्का यांच्यात आता बरंच पाणी आलं होतं.

"काल इलो असतंस तर रात्री तुमी भांडला असतात," ती म्हणाली. "आणि सकाळी दोघांपैकी एकटो घरी रवलो असतो. माका म्हायत नाय तुमची खोड? अमावास्या वायच कामाक इली."

तिने पिशवीतून सांदणांचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि विनीतला वाढायला सांगितलं.

"आता दोन दीस हयसून उतराक येवचा नाय. काय भांडूचा ता भांडून घेवा."