शेपूट व्हर्जिनियात, तोंड टेनेसीत

मी एक जुनी, निळी पिकअप गाडी आहे. स्वस्थ उभं राहणं मला कधी जमलंच नाही. इंजिन बंद झाल्यावरही माझ्या पोटात कितीतरी वेळ टिकटिक चालू असते.

मित्रांनो, मी घडले अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका कारखान्यात, पण माझं आयुष्य गेलं ब्रिस्टल गावात. आमच्या मुख्य रस्त्याच्या बरोबर मधून दोन राज्यांची हद्द जाते. उत्तरेकडची दुकानं व्हर्जिनियाची, दक्षिणेकडची टेनेसीची. माणसं केस कापायला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात आणि जेवायला परत येतात. माझी मालकीण ऑर्फा स्टॅलर्ड राहायची व्हर्जिनियात आणि व्हायोलिन शिकवायची टेनेसीत. त्यामुळे मी सतत इकडून तिकडे पळत असे. उन्हाळ्यात ती माझ्या हौद्यात उभी राहून वाजवायची. मग लोक माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "काय दणकट गाडी आहे ही, ऑर्फा!" मी फुलून जायचे.

पुढे मी जुनी झाले. तेल बदलायला उशीर होऊ लागला. एक दिवस माझा मागचा डावा दिवा गेला. तोच दिवा थांबताना लागायचा आणि वळतानाही.

"ऑर्फे, मागचा दिवा लावून घे गं," तिचा चुलतभाऊ डेल्मर म्हणाला.

"शनिवारी बघू रे. एका दिव्याने काय आभाळ कोसळतंय?"

किती शनिवार आले आणि गेले. मी आतल्या आत तळमळत राहिले.

मग तो दिवस उजाडला. ऑर्फाला डावीकडे, टेनेसीच्या बाजूला वळायचं होतं. समोरून गाड्या येत होत्या, म्हणून ती थांबली. माझं तोंड रेषेपलीकडे गेलं होतं आणि शेपूट अलीकडेच होतं. तेवढ्यात मागून फर्निचरची एक मोठी गाडी आली. चालवणारा कॉय बार्लो फोनकडे बघत होता. त्याने मला असा धक्का दिला, की मी थेट पलीकडच्या पदपथाकडे सुटले. तिथे एक आई बाळाची बाबागाडी घेऊन उभी होती. ऑर्फाने ओरडत दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक गर्रकन फिरवलं. बाळ वाचलं. मी दिव्याच्या खांबावर आदळले आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

दोन्ही राज्यांचे पोलीस आले.

"गाडी तुमच्या हद्दीत पडली आहे," एक म्हणाला.

"धक्का तर तुमच्याकडे बसला ना?" दुसरा म्हणाला. "राहू द्या तुमच्याकडेच!"

मला ओढून एका आवारात नेऊन ठेवलं. तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षाच होती. काही दिवसांनी कॉयच्या फर्निचरवाल्या मालकांच्या विमा कंपनीचे प्रुइट साहेब मला बघायला आले. सोबत कॉय होता. हाताला प्लास्टर घातलेली ऑर्फा आणि डेल्मरही आले.

प्रुइट माझ्या फुटक्या दिव्याशी वाकले. "बाई, हा बल्ब आधीच गेलेला होता. म्हणजे थोडी चूक तुमचीही. व्हर्जिनियात जखमी माणसाची रतीभर जरी चूक निघाली, तरी त्याला भरपाई मिळत नाही."

"आणि रस्त्यापलीकडे?" डेल्मरने विचारलं.

"टेनेसीत चुकीची वाटणी होते. तुमची चूक निम्म्याहून कमी असेल, तर तेवढा वाटा कापून बाकीची भरपाई मिळते. पण मनगट मोडलं ते पहिल्याच धक्क्याला. म्हणजे व्हर्जिनियात, आणि जिथे मोडलं तिथलाच कायदा लागतो."

"खोटं आहे!" ऑर्फा म्हणाली. "शस्त्रक्रिया झाली नाही तर ही बोटं कायमची गेली. मी वाजवायचं कशाने, दातांनी?"

मला सांगायचं होतं. तिच्या हातांची पकड माझ्या चाकाने अनुभवली होती. पण माझा भोंगासुद्धा तुटलेला होता.

प्रुइट कॉयकडे वळले. "पहिल्या धक्क्यालाच या हात धरून कळवळल्या, असंच ना रे? नीट आठव. तुझ्या मालकांनाही तेच आठवतंय."

कॉयने बुटाने खडी उकरली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मिस ऑर्फांनी चाक पूर्ण फिरवलं. मी बघितलं. मोडक्या मनगटाने हे जुनं चाक तेवढं फिरेल का? तुम्हीच फिरवून बघा." आणि मग हळूच म्हणाला, "त्यांनी फिरवलं नसतं तर ते बाळ माझ्या हातून गेलं असतं."

बाळाच्या आईनेही हेच सांगितलं. अपघात टेनेसीचा धरला गेला. दिव्यापायी भरपाईचा काही वाटा कापला गेला, पण शस्त्रक्रिया झाली. ऑर्फाची करंगळी अजून नीट वाकत नाही. जलद चाली तिने सोडून दिल्या आहेत. अपघातानंतरच्या दिवसांत ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

कॉयचं काम मात्र सुटलं. हे कळताच ऑर्फाने त्याला फोन केला. मला डेल्मरच्या अंगणात आणलं होतं आणि तिने फोन तिथूनच केला, म्हणून मी ते ऐकलं.

"तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस," ती म्हणाली. "पण या हाताने मला गाडी चालवता येत नाही आणि तुला काम नाही. ये, आधी हिला दुरुस्त कर."

कॉयने मला पुन्हा चालतं केलं. पहिल्याच दिवशी आम्ही त्याच वळणावर थांबलो. मागून भोंगे वाजू लागले.

"अरे, जा की आता! रस्ता मोकळा आहे!" ऑर्फा ओरडली.

"मागचा थांबलाय का बघतोय, मिस ऑर्फा."

तिने डावा हात दाराच्या कडीवर घट्ट धरून ठेवला.

मित्रांनो, राज्यांचे कायदे वेगवेगळे का, हे मला ठाऊक नाही. मला एवढंच समजलं, की मागचा दिवा चालवणाऱ्याला स्वतःला कधी दिसतच नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. म्हणून खाली उतरा, मागे जा आणि तो लागतो का ते बघा. आजच बघा. मला आता थांबता येणार नाही. कॉयने किल्ली फिरवली आहे.