एकतिसावी हाक

थळच्या मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात त्या दुपारी बावीस खुर्च्या होत्या, माणसं सहा, चालू पंखा एक. माझ्याबरोबर फिल्म करणाऱ्या विनेशनं एका फ्रेंच दिग्दर्शकाच्या कामावरचा माहितीपट लावला होता. हा दिग्दर्शक नट घेत नसे. साधी माणसं घ्यायचा आणि एकच वाक्य इतक्यांदा म्हणवून घ्यायचा, की त्यातली भावना गळून जाई. उरतं तेच खरं, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. मिठागरात पाणी आटलं की मीठ उरतंच.

सोनूबाईकाकी मागे बसली होती. तिचा मुलगा दीपेश दोन वर्षांपूर्वी वादळात होडीसकट गेला, सापडला नाही. रोज संध्याकाळी होड्या लागल्या की ती किनाऱ्यावरून हाक मारते, "दीपेश, आलास का रं?"

"काकी, आमच्या फिल्मला तुझी हाक पाहिजे," विनेश म्हणाला.

"मला हिरवीन करतूस? मंग आधी केसांना कलप आन!"

तिची सून पूनम हसली नाही. "विनेशदादा, त्या हाकेवर ही बाई उभी हाय. तिला हात लावू नका."

"हाकच ती," काकी म्हणाली. "झिजतेय थोडीच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर कॅमेरा लावला. आवाज मोजायचा मीटर घेऊन मी काकीपासून दोन मीटरवर उभी राहिले. पहिली हाक अठ्ठ्याऐंशी डेसिबल.

"रडू नकोस काकी. परत," विनेश म्हणाला.

अकराव्या वेळी एकोणऐंशी.

"बाजारात भाव विचारतेस तशी म्हण."

"भाव इचारताना मी जास्ती वरडते रं, मुडद्या!"

आम्ही सगळे हसलो. विसाव्या हाकेनंतर मात्र तिची थट्टा थांबली. सांगितलं की म्हणायची, मग पाणी मागायची. एकतिसावी हाक एकसष्ट डेसिबल, सपाट.

"हेच! हेच पाहिजे होतं!" विनेश ओरडला. पूनम पाठ फिरवून निघून गेली.

संध्याकाळी होड्या लागल्या, इंजिनं बंद झाली. काकी नेहमीच्या जागी आली. तोंड उघडलं, मिटलं.

"हाक मारा ना, आई," शेजारी उभी असलेली पूनम म्हणाली.

"मनात म्हनून बघते गं. पन त्याचं नाव वाटत न्हाय."

"तरी मारा. लोक निघाले घरी."

काकीनं पुन्हा तोंड उघडलं. मी मीटर सुरू केला. तिथल्या नुसत्या लाटांचा आवाज चोपन्न डेसिबल असतो.

पूर्ण मिनिटभराचं मोजमाप: चोपन्न.