ओळखीचं कुणी नको

श्रीनाथनं मोटारसायकल स्टँडला लावली आणि चित्रदालनाच्या खिडकीतून आत डोकावलं. आत त्याची बायको एका परक्या माणसाशी बोलत होती. नुसती बोलत नव्हती, हात हलवून, डोळे मोठे करून बोलत होती. घरात शिवगंगेचे हात कामापुरतेच हलत.

दर रविवारी तो तिला येडशीहून धाराशिवला आणून सोडायचा. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी हर्षाली नावाच्या मुलीनं इथं वर्ग काढला होता. वर्ग कसला, तर दोन अनोळखी माणसं एका चित्रासमोर बसवायची आणि त्यांना बोलतं करायचं. नाव, गाव, कुणाचे कोण, काही म्हणजे काही विचारायचं नाही. श्रीनाथला हे ऐकून हसू आलं होतं. गाव विचारल्याशिवाय माणसं बोलतील तरी कशी?

आता बघत होता, कशी बोलतात ते. समोरचा माणूस चष्मेवाला, इस्त्रीच्या शर्टातला. मान डोलावत ऐकत होता. भिंतीवरच्या चित्रात एसटी स्टँडचा बाक होता आणि बाकावर एकटं गाठोडं.

"इसरलेलं न्हाय ते," शिवगंगा सांगत होती. "बाईनं ठेवलंय. जावं का न्हाय, ठरंना झालंय तिचं. मीबी बसले व्हते एकदा अशीच, तुळजापूरच्या स्टँडवर. येडशीची गाडी आली न् गेली. बसूनच ऱ्हायले."

तेवढ्यात हर्षालीनं टाळी वाजवली आणि वेळ संपली.

श्रीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं संसार केला आपण, आणि बायकोची गोष्ट ठाऊक कुणाला, तर या चष्मेवाल्याला! कधी बसली होती ही स्टँडवर? कुठं जायचं होतं? कुणाकडं?

"काय बोलत व्हतीस एवढं?" परतताना त्यानं विचारलं.

"कुठं काय. चित्राचं."

"त्यो माणूस कोण?"

"इचारायचं नसतंय."

तो आठवडा वाईट गेला. दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरता भरता त्यानं एका मोटारीची तार उलटी गुंडाळली आणि सगळी पुन्हा सोडवत बसला. जेवताना प्रश्न अगदी जिभेवर यायचा. पण विचारलं तर खिडकीतून चोरून ऐकल्याचं कबूल करावं लागणार होतं. शिवाय उत्तराचीही भीती होतीच. शिवगंगा "भाकरी वाढू?" म्हणायची आणि तो "वाढ" म्हणायचा.

पुढच्या रविवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. शिवगंगा आत गेली. थोड्या वेळानं तोही गेला. हर्षालीनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"या ताईंसमोर बसता का काका?" तिनं विचारलं. "तुमची ओळख नाही ना? इथं ओळखीचं कुणी नको. ओळखीची माणसं एकमेकांचं ऐकतच नाहीत."

"न्हाय," श्रीनाथ म्हणाला. "ओळख न्हाय."

शिवगंगेनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या शर्टाकडं पाहिलं. पदर सारखा केला.

"न्हाय," तीही म्हणाली. "मी न्हाय वळखत ह्यांला."

खोटं त्याचंच होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना त्याला ते लागलं.

त्यांना त्याच गाठोड्याच्या चित्रासमोर बसवून हर्षाली दुसऱ्या जोडीकडं गेली. शिवगंगेला काही बदलायचंच नव्हतं, ती त्याला लग्नापासून 'तुमी'च म्हणत आली होती. पंचाईत झाली ती त्याची.

"तू..." त्याला ठसका लागला. "तुमाला काय दिसतंय ह्यात?"

शिवगंगेनं त्याचा चेहरा निरखला. चेष्टा चालली आहे का, हे बघत असावी.

"गाठोडं दिसतंय," ती म्हणाली. "लग्नाला तीनेक वर्सं झाली व्हती तवा. नळदुर्गाला म्हायेरी गेले व्हते. परतताना तुळजापूरला गाडी बदलायची, तर पायच उचलंना. वाटलं, नगं जायला."

श्रीनाथचं आठवडाभर पोटात ठेवलेलं बाहेर आलंच.

"कुणी... दुसरं व्हतं?"

शिवगंगा हसली. "दुसरं कुठलं! पहिलंच कुठं व्हतं कुणी बोलायला?"

तो चित्राकडं बघत राहिला.

"मग गेला का परत तुमी?"

"गेले की, शेवटच्या गाडीनं. वाटभर मनात जुळवत गेले. उशीर का झाला, असं ते इचारतील. मग सगळं सांगून टाकायचं."

"मग?"

"इचारलंच न्हाय. म्हणले, चहा टाक."

श्रीनाथ ती संध्याकाळ आठवायला लागला. आठवेना. चहा तर तो रोजच मागायचा.

"लई वंगाळ माणूस दिसतोय," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"न्हाय वो," शिवगंगा लगबगीनं म्हणाली. "वंगाळ न्हायत. दर ऐतवारी गाडीवर आणून सोडत्यात मला."

टाळी वाजली. खुर्च्या सरकल्या.

बाहेर ऊन होतं. शिवगंगेनं डोक्यावर पदर घेतला. "वाटंत कोथमीर घ्या," ती म्हणाली, "घरची संपलीय." हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. ती आणखी काही बोलेल म्हणून तो किल्ली हातात धरून जरा थांबला. ती कोथिंबिरीपुढं गेली नाही. ज्याला तिनं सगळं सांगितलं, त्या मघाशी आत अनोळखी होऊन बसलेल्या स्वतःचाच श्रीनाथला हेवा वाटला. चष्मेवाल्याचाही एवढा वाटला नव्हता.

त्यानं गाडी चालू केली.

"बसा," तो म्हणाला.

शिवगंगेनं मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. मागं कुणीच नव्हतं.