मी काढलेली भेग

मित्रांनो, मी शून्य नंबरचा एक जुना ब्रश आहे. माझे टोक आता डावीकडे वाकले आहे आणि दांड्यावरच्या काळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण एके काळी या टोकाने मी पापणीच्या केसाहून बारीक रेघ ओढत असे. अशाच एका रेघेबद्दल माझे फार कौतुक झाले, आणि त्याच रेघेने एक घरटे मोडले. ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझे केस कोणत्याही प्राण्याचे नाहीत. नायलॉनचे तंतू निमुळते करून, पत्र्याच्या नळीत घट्ट आवळून मला कारखान्यात बनवले. चित्रकार ताई दुकानात आल्या तेव्हा त्यांनी आधी तेच विचारले.

"खारीच्या केसांचा नको हं. प्राणी वाचावेत म्हणून चित्रं काढते मी. खारीला भादरून वाघ कसा रंगवू?"

दुकानदार हसला आणि त्याने मला पुढे केले.

ताई नाहीशा होत चाललेल्या पशुपक्ष्यांची चित्रे काढत. एक संस्था त्यांची पोस्टर छापून विकत असे आणि त्यातून जखमी पक्ष्यांचा दवाखाना चालवत असे. खिडकीजवळच्या टेबलावर पाण्याच्या दोन बरण्या होत्या, एक ब्रश धुण्याची आणि एक स्वच्छ पाण्याची. मोठे ब्रश आभाळ रंगवत, मी पिसांचे तंतू. काम संपले की ताई मला धूत, ओठांत धरून माझे टोक नीट करत आणि टोक वर करून मला उभे ठेवत. त्यांचा एकच हट्ट होता. मनाचे काही काढायचे नाही. पंखाच्या टोकाला लांब पिसे दहा असतील तर दहाच.

एका वर्षी त्यांनी गिधाड काढायचे ठरवले. त्यांच्या नणंदेने कपाळाला हात लावला. "वहिनी, दिवाणखान्यात गिधाड कोण टांगणार? पाहुणे दारातूनच परत जातील."

"तेवढाच चहा वाचेल," ताई म्हणाल्या.

त्या भागात गिधाडांची एकच जोडी उरली होती. ही गिधाडे वर्षाला एकच अंडे घालतात, त्यामुळे एक अंडे गेले की वर्ष गेले. कड्यावरचे घरटे फक्त एका वनरक्षकाला ठाऊक होते. त्याने ते ताईंना दरीच्या अलीकडून, दुर्बिणीतून दाखवले.

"ताई, जागा कुणाला सांगायची नाही. नणंदबाईंनासुद्धा नाही."

"मेले तरी नाही सांगणार," ताई म्हणाल्या. आणि तो शब्द त्यांनी पाळला.

तीन सकाळी त्या दरीकाठी बसून रेखाटत होत्या. पुढे चित्रात गिधाड तर हुबेहूब उतरलेच, पण त्याच्याबरोबर कडाही उतरला. कड्यातून आडवे वाढलेले झाड, विष्ठेचा पांढरा ओघळ, मागच्या डोंगराच्या माथ्यावरची खाच आणि घरट्याखालची तीन फाटे फुटलेली भेग. ती भेग माझी. ताईंनी श्वास रोखून धरला आणि मी ती एका दमात ओढली.

प्रदर्शनात मुलांना दाखवायला ताईंनी मलाही टेबलावर ठेवले होते. लोक म्हणत होते, या दगडावर हात फिरवावासा वाटतो. खांद्याला कॅमेरा अडकवलेला एक माणूस मात्र पाव तास चित्रासमोरून हललाच नाही.

"ही भेग खरंच अशी आहे?" त्याने विचारले.

ताईंचा चेहरा उजळला. "एक रेघसुद्धा मनाची नाही. मागची खाचही तशीच आहे."

त्याने चित्राचे दोन फोटो काढले. खोटे कशाला बोलू, मीही तेव्हा फुगलो होतो.

तीन आठवड्यांनी वनरक्षक घरी आला. ताई माझ्या टोकाने एक घुबड रंगवत होत्या. तो बसला नाही.

"कुणाला सांगितलंत?"

"काय झालं, दादा?"

"चौघं जण दोर टाकून कड्यावरून उतरले. जवळून फोटो हवे होते म्हणे. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत लटकत होते. गिधाडं उडाली ती परत बसलीच नाहीत. अंडं गेलं."

"मी कुणाला सांगितलं नाही हो. आईशपथ."

वनरक्षकाने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले. "सांगितलं नाहीत. काढून दिलंत. त्यांच्या फोनमध्ये तुमचंच चित्र होतं. खाच आणि भेग जुळवत आले ते."

ताईंनी मला बरणीत टाकले, टोक खाली करून. त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणी बाहेर काढले नाही. पाणी आटले, बरणीच्या काचेला करड्या रंगाचे कडे उरले आणि माझे टोक तळाला टेकून कायमचे वाकले. नणंदबाई टेबलावर चहा ठेवून जात. थट्टा करत नसत. एक दिवस त्यांनीच मला धुतले.

"वहिनी, याचं टोक गेलंय. टाकू का?"

"नको. राहू दे."

अंडी घालायचे दिवस पुन्हा आले तेव्हा ताईंनी वनरक्षकाला फोन केला. "आलीत का हो?"

"नाही. कपार रिकामीच आहे."

ताईंनी चित्र भिंतीवरून उतरवले. जाड करडा रंग कालवला आणि मला उचलले. मी काढलेली भेग माझ्याच वाकड्या टोकाने बुजली. मग खाच बुजली, आणि आडव्या झाडाच्या जागी नुसता खडक आला. चार दिवसांनी वनरक्षक आला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हा कडा कुठला?"

"कुठलाच नाही."

"असंच पाहिजे होतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आधी."

ताई पिसे अजून मोजून काढतात, दगड मात्र मनाचे. ते काम माझ्याकडे आहे. पण छापलेली पोस्टर अजून कुणाकुणाच्या भिंतींवर आहेत. तिथली भेग मला बुजवता येत नाही.

मित्रांनो, काम झाले की ब्रश धुऊन टोक वर करून ठेवा. घरटे दिसले तर दुरूनच बघा, आणि त्याचा फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यात मागे काय काय दिसते आहे ते एकदा नीट पाहा. वनरक्षक रोज सकाळी त्या कपारीवर दुर्बीण लावतो. अजून तिथे कुणी बसलेले नाही.