रिकाम्या खिडकीला हात

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'बालहृदय वॉर्ड, मजला ४' असं लिहिलेलं आहे. त्यातलं 'हृदय' आता अर्धंच उरलंय. मी या वॉर्डाची जुनी व्हीलचेअर. नवा रायपूरच्या एका रुंद, बहुतेक वेळ मोकळ्याच असणाऱ्या रस्त्याकडेला आमचं मुलांचं रुग्णालय आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या गेल्या, निळं रेक्झिन शिवलं गेलं, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून मला ट्रकमध्ये चढवलं. उद्घाटनाच्या दिवशी माझ्या हातांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. माझ्यात बसून कुणा पाहुण्याने फोटोही काढला. त्या दिवशी मला वाटलं, माझं आयुष्य मजेत जाणार.

पण दुसऱ्याच दिवशी मला तो कॉरिडॉर दिसला. वॉर्डापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत चाळीस पावलं. शेवटी जमिनीवर एक लाल पट्टी. तिच्यापलीकडे मला जायला परवानगी नाही. पट्टीपाशी मूल माझ्यातून उतरतं, आतली माणसं त्याला घेऊन जातात, दार मिटतं आणि मी रिकामी परत येते. मूल पुन्हा माझ्यात येऊन बसेल की नाही, हे मला कुणी सांगत नाही. इतकी वर्षं झाली, पण त्या पट्टीची भीती माझ्यातून गेली नाही.

मधे माझं पुढचं चाक अडकायला लागलं, तेव्हा मला जिन्याखाली टाकून दिलं. आठ महिने मी मोडक्या सलाइन स्टँडांबरोबर अंधारात उभी होते. वॉर्डातले मदतनीस हरिदास यांनी मला बाहेर काढलं, नवं बेअरिंग बसवलं, फडक्याने पुसलं. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. मला ढकलताना ते वळणावर नेहमी वेग कमी करतात, म्हणजे मुलाला धक्का बसत नाही.

चौथ्या मजल्याची मोठी खिडकी क्रिकेटच्या मैदानाकडे उघडते. तिथे खारून क्लबचे सामने होतात. तीन वर्षांपूर्वी एका आजोबांचा नातू आमच्या वॉर्डात होता. त्यांचं नाव देवीदास, पंडरीच्या कापड बाजारात त्यांचं दुकान. नातू बरा होऊन घरी गेला, तेव्हा त्यांनी पिवळ्या कापडाचे उरलेले तुकडे गोणीत भरले आणि मैदानावर प्रेक्षकांना वाटले. तेव्हापासून एक रीतच पडली. चारच्या सुमारास खेळाडू पाणी प्यायला थांबले की प्रेक्षक उभे राहतात, आमच्या खिडकीकडे वळतात आणि मिनिटभर ती पिवळी फडकी हलवतात. वॉर्डातली मुलं काचेला नाक लावून हात हलवतात. त्या एका मिनिटात मी कुठल्याच मुलाला रडताना पाहिलं नाही.

फक्त खेळाडू अलीकडे वळेनासे झाले होते. ते पाठ करून पाणी पीत.

मागच्या हिवाळ्यात अनुश्री वॉर्डात आली. दहा वर्षांची, दोन वेण्या, हृदयात जन्मापासून छिद्र. चार पायऱ्या चढली तरी तिचे ओठ निळे पडत. वडील प्रशिक उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. पाळी संपली की तसेच धुळीच्या कपड्यांनी यायचे आणि वॉर्डात शिरण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. आई रुचिता रात्रंदिवस तिच्यापाशीच असे.

अनुश्रीने खिडकीतून पहिला सामना पाहिला. पिवळी फडकी हलली, तिनेही हात हलवला. मग ती हरिदासांना म्हणाली, "काका, ते खेळणारे पलटून काहून नाही पाहत?"

"त्यांचं ध्यान खेळात असते ना, माय."

"आता कुठं खेळून राहिले? पाणी पिऊन राहिले."

हरिदासांनी माझा ब्रेक उगाच एकदा लावून काढला.

ऑपरेशनची तारीख बुधवारची ठरली. त्याआधी रविवारी सामना होता. तारीख कळल्यापासून अनुश्रीचं जेवण कमी झालं. गुरुवारी प्रशिक आले, तेव्हा ती माझ्यातच बसलेली होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, रविवारी त्या टीमनं हात हलवला ना, तर माझं ऑपरेशन चांगलं होईन. नाही हलवला तर मी वापस नाही येणार."

"असं कोणी सांगतलं तुले?"

"कोणीच नाही. मले माहीत आहे."

माझे हात तिने इतके घट्ट धरले होते की तिची नखं पांढरी पडली होती. मित्रांनो, भीतीला काहीतरी धरायला लागतं. अनुश्रीने आपली सगळी भीती त्या अकरा जणांच्या हातात नेऊन ठेवली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

शुक्रवारी सकाळी रात्रपाळी संपवून प्रशिक थेट मैदानावर गेले. परत आले ते मान खाली घालूनच. कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर बसून ते रुचिताला म्हणाले, "त्यांचे कोच नाही म्हणतात. म्हणे, खेळाडूचं काम खेळणं. आज एका पोरीसाठी केलं, उद्या दुसरा बाप येईन."

"अन् कॅप्टन?"

"तो जमिनीकडे पाहत होता. खिडकी कोणती, एवढंच विचारलं त्यानं."

रुचिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दुपारी लिफ्टमधून एक उंच तरुण बाहेर आला. सरावाचे पांढरे कपडे, हातात टोपी. तो भार्गव, खारून क्लबचा कप्तान. परिचारिका साक्षीदीदींनी त्याला मास्क दिला आणि दहाच मिनिटं दिली. अनुश्री खिडकीपाशी माझ्यात बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"तुम्ही पलटून काहून नाही पाहत?" तिने लगेच विचारलं.

"आमचे सर म्हणतात, पोरांच्या बिमारीचा तमाशा नाही करायचा. लोक फोटो काढतात, मग म्हणतात, क्लबवाले नाव कमावून राहिले. सरांचं ते खोटं नाही." त्याने मास्क सारखा केला. "पण माझं कारण दुसरं आहे. मले भीती वाटते."

"तुमाले? कायची?"

"मागच्या वर्षी या खिडकीत एक पोट्टा बसायचा. निळी टोपी घालून. विशाल नाव होतं. मी हर मॅचमध्ये त्याले हात दाखवायचो. एक दिवस पलटलो तर खिडकी रिकामी. त्या दिवशी दोन कॅच सोडले मी. कोणाले विचारायची हिंमतच नाही झाली. मग मीच पोरांना सांगितलं, की वर पाहायचंच नाही."

मला विशाल आठवत होता. त्याला अॅम्ब्युलन्सपर्यंत मीच नेलं होतं. त्याला नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं, पुढे काय झालं ते इथे कुणाला कळलं नाही. साक्षीदीदींनी भार्गवला तेवढंच सांगितलं. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

अनुश्रीने खाली मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो नाही दिसला म्हणून तुम्ही बाकीच्यांना पण नाही पाहिलं. मी तर इथंच होती ना. तीन मॅच."

भार्गवने टोपी दोन्ही हातांत चुरगळली. "हव," तो म्हणाला. "तीन मॅच तू होती."

उठताना तो म्हणाला, "रविवारी मी हात हलवीन. बाकीच्यांनाही सांगीन, जबरदस्ती नाही करणार. पण एक ऐक. माझ्या हातानं तुझं ऑपरेशन चांगलंही होणार नाही अन् खराबही होणार नाही. ते डॉक्टर करणार. मी फक्त तुले पाहिलं, एवढंच सांगणार आहे. चालन?"

तिने मान हलवली. पण तिच्या बोटांची पकड सैल झाली नव्हती. मला ते कळत होतं.

आणि शनिवारी संध्याकाळी तिचा श्वास बिघडला. यंत्रावरचे आकडे खाली आले, डॉक्टर धावत आले. बुधवारपर्यंत थांबता येणार नाही, रविवारी सकाळीच ऑपरेशन, असं ठरलं. म्हणजे सामन्याच्या आधी.

रविवारी सात वाजता हरिदासांनी मला कॉरिडॉरमध्ये आणलं. अनुश्री हिरव्या गाऊनमध्ये होती, वेण्या टोपीत दडवलेल्या. नाकाला नळी. रुचिता शेजारून चालत होती आणि ओठांतल्या ओठांत बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणत होती. प्रशिकचा हात माझ्या पाठीवर होता.

"बाबा, आज मॅच चार वाजता थांबते."

"हो, बेटा."

"मी तर आतमध्ये राहीन. त्याले कसं माहीत पडन?"

साक्षीदीदी वाकून म्हणाल्या, "तू अपना काम कर, बेटा. बाहर का हम देख लेंगे."

चाळीस पावलं इतक्या लवकर कधी संपली नव्हती. लाल पट्टी आली. अनुश्री उतरली, आतल्या माणसांनी तिला उचलून घेतलं. तिने मागे वळून आईकडे पाहिलं. दार मिटलं.

प्रशिक हरिदासांना म्हणाले, "भाऊ, खुर्ची खिडकीपाशीच ठेवा. त्या कॅप्टनले मी तीच जागा सांगतली आहे."

मी तिथे उभी राहिले. दहा वाजले, बारा वाजले. एकला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की रक्त थांबत नाही, अजून वेळ लागेल. रुचिता भिंतीला टेकून खाली बसली. तीनला सांगितलं की ऑपरेशन झालंय, अतिदक्षता विभागात नेलंय, पण ती शुद्धीवर कधी येईल ते सांगता येत नाही. चोवीस तास जाऊ द्या. मित्रांनो, त्या वाक्यानंतर पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता.

चार वाजले. मैदानावर खेळ थांबला, प्रेक्षक उभे राहिले आणि पिवळी फडकी वर गेली. भार्गवने हातातली बाटली खाली ठेवली आणि तो वळला. त्याच्यामागून एकेक करत नऊ जण वळले. एक जण पाठ करूनच उभा राहिला. प्रतिस्पर्धी संघाचे दोन फलंदाज गोंधळले आणि मग त्यांनीही बॅटी उंचावल्या. कोच सीमारेषेबाहेर हाताची घडी घालून बसून होते.

भार्गवने हात वर नेला आणि त्याची नजर खिडकीवर पडली. खिडकीत मी होते, रिकामी. माझ्या पाठीमागे धुळीच्या कपड्यांतला एक बाप.

त्याचा हात अर्ध्यावर थांबला. ज्या गोष्टीला तो वर्षभर भीत होता, तीच त्याच्यासमोर होती. मला वाटलं, आता हा पाठ फिरवणार. मला ते पाहवत नव्हतं, पण मला डोळे मिटता येत नाहीत.

त्याने हात पूर्ण वर नेला. मिनिट संपलं, पिवळी फडकी खाली आली, पंचांनी त्याला हाक मारली, तरी तो हात हलवतच होता. प्रशिकने आधी एक हात काचेला टेकवला. मग ते दोन्ही हात वर करून हलवायला लागले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

सोमवारी दुपारी अनुश्रीने डोळे उघडले. बुधवारी तिची श्वासाची नळी काढली. नवव्या दिवशी ती पुन्हा माझ्यात बसली, आधीपेक्षाही हलकी झालेली, पण ओठ गुलाबी. हरिदासांनी तिला रविवारची हकिकत सांगितली.

"मी नव्हती तरी हलवला?"

"हव."

"मग कोणाले हलवला?"

"तुलेच, माय. तू आतमध्ये होती ना."

तिने थोडा विचार केला आणि बिस्कीट मागितलं.

आता ती घरी आहे. क्लबमध्ये अजून वाद चालू आहे, असं साक्षीदीदी सांगतात. कोचचं मत बदललेलं नाही. काही सामन्यांत सगळे वळतात, काहींत चार-पाचच. कॅमेरेवाले आले, तेव्हा भार्गवने त्यांना वॉर्डाकडे कॅमेरा फिरवू दिला नाही. मला हे सगळं बरोबर वाटतं. जबरदस्तीने हलवलेला हात मुलं लांबूनही ओळखतात.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागायचं तर चाकांना थोडं तेल पुरे. पण ज्यांना मी नेते, त्यांच्यासाठी थोडं मागते. तुमच्या वर्गातलं, गल्लीतलं कुणी आजारी पडलं, तर काय बोलावं कळत नाही म्हणून वाट बदलू नका. तुमच्या हात हलवण्याने कुणी बरं होत नाही. पण लाल पट्टीपाशी उतरणाऱ्या मुलाजवळ फार थोडं असतं. चप्पलसुद्धा बाहेर ठेवावी लागते. कुणीतरी आपल्याकडे पाहिलं होतं, एवढंच त्याला आत नेता येतं.

आज माझ्यात सहा वर्षांचा अभिनव बसलाय. त्याची तारीख उद्याची आहे. त्याचे पाय थंड आहेत आणि त्याने माझे हात घट्ट धरलेत. मीही भ्यालेली आहे. खाली खेळ नुकताच थांबला आहे, आणि हरिदास मला हळूहळू खिडकीकडे वळवत आहेत.